मागे, गोलकीपरकडे

१२ जानेवारी २०२५, रविवार

घोलवड स्टेशनातली एक दुपार आज सारखी आठवते आहे. लग्नाला सहा-सात महिने झाले असतील. मी शिकवायचे ती शाळा सुटल्यावर मी डबा घेऊन ह्यांच्या ऑफिसात गेले होते. डब्यात सुके बोंबील होते, वास सुटेल म्हणून मी बाकाच्या अगदी टोकाला बसले होते. हे जेवायला बसले आणि फोन वाजला. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात रिसीव्हर. म्हणाले, "लाइन क्लिअर. प्रायव्हेट नंबर बासष्ट." मग समोरच्या कागदावरचा बासष्ट खोडला आणि पुन्हा बोंबलाकडे वळले.

मी विचारलं, हा बासष्ट कोण? म्हणाले, "तो माझा शब्द. रूळ मोकळा आहे, सोड गाडी, असं उंबरगावच्या मास्तरला सांगितलं. नुसतं हो म्हटलेलं चालत नाही, नंबर द्यावा लागतो. एकदा दिलेला परत द्यायचा नाही."

मी म्हटलं, मलाही द्या एखादा. तर म्हणाले, "तू कुठली गाडी सोडणार आहेस?"

चाळीस वर्षांनी आज दिला. संध्याकाळी टीव्हीसमोर बसले, दुसरा कंट्रोलर मांडीवर घेतला आणि म्हणाले, "तू दहा जण सांभाळ, मी गोलकीपर. लाइन क्लिअर. नंबर सतरा." मी सतरा म्हटलं आणि फुटबॉल सुरू केला. आयुष्यात पहिल्यांदा.

आमच्या मुलाचं, रोशनचं, हे गेमचं यंत्र. हैदराबादला नोकरीला गेला तेव्हा इथेच ठेवून गेला. निवृत्तीनंतर ह्यांनी ते ताब्यात घेतलं आणि पाच वर्षं रोज संध्याकाळी खेळले. मग कंपवात आला. डावा हात थरथरतो, आवाज खाली गेला. इतकी सगळी बटणं आता जमत नाहीत. परवा ह्यांना गेममध्ये एक सोय सापडली. एका बाजूने दोघांनी खेळायचं आणि त्यातल्या एकाने फक्त गोलकीपर व्हायचं. त्याला डाव्या अंगठ्याने सरकणं आणि उजव्याने एक बटण, एवढंच लागतं.

तरुणपणी रेल्वेच्या टीममध्येही हे गोलकीपरच होते. आज शून्य–सहा हरलो. माझे दहा जण एकमेकांना धडकत होते.

१५ जानेवारी

आज गोल झाला. मी केला, आपल्याच बाजूला.

ह्यांच्याकडे चेंडू बराच वेळ आला नव्हता. हात नुसता मांडीवर पडलेला बघवेना, म्हणून मी मधूनच चेंडू मागे ह्यांच्याकडे टाकला. अंगठा थरथरला, गोलकीपर बाजूला सरकला आणि चेंडू शांतपणे आत गेला. मी तोंडावर हात ठेवला. हे म्हणाले, "सिग्नल न बघता गाडी सोडलीत, मॅडम. चौकशी लागेल." मग दोघंही इतके हसलो की खालच्या मजल्यावरची दक्षा वर आली.

"शुं थयुं जयाबेन? मला वाटलं, कोण पडला."

"गोल झाला," मी म्हटलं.

तिने पडद्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. "अरे देवा. नातवंडं खेळवायच्या वयात तुम्ही बटणं दाबता? आणि विष्णूभाई, तुम्ही पण हिला हो हो करता?"

"मी स्टाफ आहे," हे म्हणाले. "स्टेशन तिचं."

त्याआधी मी बाजारातून भाजी घेऊन आले होते. हा दुसऱ्या मजल्याचा जिना हल्ली उंच झाल्यासारखा वाटतो. आल्या आल्या खेळायला बसले. पाच मिनिटं झाली नाहीत तोच ह्यांनी खेळ थांबवला, पाणी हवं म्हणाले. नंतर पुन्हा एकदा. हल्ली ह्यांना तहान फार लागते. औषधाने असेल, सुषमाला विचारायला हवं. सुषमा म्हणजे तलासरीची, ह्यांना व्यायाम द्यायला आठवड्यातून दोनदा येते.

१९ जानेवारी, रविवार

ह्यांच्या मोबाइलवर एक ग्रुप आहे, 'बॉल आणि बटण'. सगळे हाच गेम खेळणारे, पालघरपासून पार नागपूरपर्यंतचे. ह्यांचं तिथलं नाव 'केबिन', रेल्वेच्या सिग्नल केबिनवरून. आता बोटं नीट चालत नाहीत म्हणून मी वाचून दाखवते आणि हे सांगतील ते लिहिते.

मला वाटलं होतं, पोरकटपणा असेल. दोन तास कसे गेले कळलं नाही. एक जण लिहितो, यंदा पास जड झालाय, चेंडू बुटाला चिकटून निघतो. दुसरा म्हणतो, जड नाही, ओल्या गवतावर तसाच जायला हवा, गेल्या वर्षी चेंडू नव्हता, फुगा होता. तिसऱ्याचं म्हणणं, बचावाचे खेळाडू आपणहून जागा धरत नाहीत, बस चुकल्यासारखे उभे राहतात. कोणी म्हणतो, प्रेक्षकांचा आवाज गोल झाल्यावर अर्धा क्षण उशिरा येतो. अर्धा क्षण. तो ह्याने ऐकला.

माझी आई पापडाची लाटी बोटांत घेऊन सांगायची, पीठ अजून दहा हात कुटायला हवं. ह्या मुलांची बोटं तशीच आहेत. कंपनीने कितीही जाहिरात केली तरी ती फसत नाहीत. मी पंचवीस वर्षं वह्या तपासल्या, इतकं नेमकं माझ्या हातून कधी लिहिलं गेलं का, कोण जाणे.

शेवटी ह्यांनी माझंही मत विचारलं. मी म्हटलं, ज्याच्यापाशी चेंडू नसतो तोही ह्या गेममध्ये काहीतरी करत असतो, ते मला फार आवडलं. कोणी मोजे ओढतो, कोणी हात वर करून मागतो, कोणी मागे वळून बघतो.

"लिही," हे म्हणाले.

"केबिनच्या नावाने?"

"केबिनमध्ये दोघं असतात."

२७ जानेवारी

आज ऑनलाइन सामना होता, ग्रुपमधल्याच प्रविणशी. तो चिंचणीचा, तारापूरला कारखान्यात पाळीवर असतो, पस्तिशीचा आहे. एक–एक असताना माझ्या एका खेळाडूने त्याच्या माणसाला पाडलं. माझ्या म्हणजे मीच. पेनल्टी.

हे पुढे सरकून बसले. अंगठा थरथरत होता, त्यामुळे पडद्यावरचा गोलकीपर रेषेवर डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे डुलत होता. प्रविण थांबला. मग मारलं, आणि चेंडू नेमका ह्यांच्या अंगावर आला.

लगेच फोन. "काका, हे काय होतं? तुमचा कीपर नाचतो कशाला? मला कळेचना कुठे मारू."

हे फोनवर हळू बोलतात, म्हणून मी सांगितलं, "काकांचा हात थरथरतो, प्रविण."

 तो म्हणाला, "काकू, त्यांना सांगा, हा हात लय भारी आहे. मी पुढच्या वेळी डोळे मिटून मारणार."

हे आपल्या हाताकडे बघत बसले. म्हणाले, "तीन वर्षांत पहिल्यांदा कामाला आला."

लहानपणी कॉन्व्हेंटच्या भिंतीपलीकडे मुलांचं मैदान होतं. आम्हा मुलींना थ्रोबॉल, तोही स्कर्ट सावरून. एकदा त्यांचा फुटबॉल भिंतीवरून आमच्या अंगणात आला. सिस्टर फिलोमिना गुलाबांना पाणी घालत होत्या. त्यांनी झारी खाली ठेवली, झगा चार बोटं वर धरला आणि असा चेंडू उडवला की तो भिंतीवरून, आंब्यावरून पलीकडे गेला. मग झारी उचलली. आम्ही बघतच राहिलो. त्या म्हणाल्या, "गर्ल्स, बॅक टू वर्क." आज ह्यांनी पेनल्टी अडवल्यावर लांब किक मारली, तेव्हा मला पाण्याने भिजलेला तो काळा बूट दिसला.

२ फेब्रुवारी, रविवार

वाईट बातमी. प्रविणने ग्रुपवर टाकलं आहे की कंपनी मार्चअखेर मोठा बदल करणार आणि फक्त गोलकीपर होऊन खेळायची सोय काढून टाकणार. कारण, ती कोणी वापरत नाही. पंधरा फेब्रुवारीपर्यंत खेळाडूंनी मतं कळवायची आहेत.

मी वाचून दाखवलं.  ह्यांनी कंट्रोलर त्याच्या कापडात गुंडाळून ठेवला, रोज ठेवतात तसाच, पण आज घडी दोनदा घातली.

ती सोय गेली की ह्यांचा खेळ संपला. बाकी सगळं मी करीन, पण ह्यांना बघत बसायला लावायचं हे मला जमणार नाही. बघत बसायला टीव्ही आहेच. आज मी देवाकडे व्हिडिओ गेमसाठी मागणं मागितलं. सिस्टर फिलोमिना असत्या तर काय म्हणाल्या असत्या?

९ फेब्रुवारी, रविवार

मत लिहिलं. हे सांगत, मी मोठ्याने परत म्हणे, हे "बरोबर" म्हणत, मगच पुढचं वाक्य. स्टेशनातली रीत. दोन तास लागले. त्यात पाच वेळा पाणी.

आम्ही लिहिलं ते असं:

"तुमचा गेम चांगला आहे. चेंडूला वजन आहे. पाऊस पडला की चेंडू अडतो, हे तुम्ही नीट पाहिलं आहे. गोलकीपर झेप घेण्याआधी गुडघ्यात वाकतो, तेही खरं आहे, मीही रेल्वेच्या टीममध्ये तसाच वाकत होतो. मेनूतली अक्षरं लहान आहेत. समालोचक फार बोलतो, आम्ही आवाज बंद ठेवतो. आता कामाचं. गोलकीपरची सोय कमी लोक वापरतात हे खरं असेल. आमच्या लाइनवर काही स्टेशनांत दिवसाला दोनच गाड्या थांबत. तिथेही दिवा रोज लावला जाई. माझा एकच हात चालतो. ही सोय आहे म्हणून मी अजून टीममध्ये आहे. सामना छोटा ठेवायची सोयही काढू नका, तीन-तीन मिनिटांचा. काहींना तेवढाच झेपतो."

शेवटचं वाक्य परत म्हणताना मला भरून आलं. ह्यांना आता तेवढाच झेपतो हे त्यांनी स्वतः कबूल केलं. मी "बरोबर?" विचारलं, तर माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघून म्हणाले, "बरोबर."

पाठवलं आणि मग लक्षात आलं, माझ्या हातून एक चूक झाली होती. सवयीने हे शेवटी "नंबर अठ्ठावीस" म्हणाले आणि तेही मी लिहून टाकलं. कंपनीला प्रायव्हेट नंबर गेला.

१४ फेब्रुवारी

त्या चुकीचं काय झालं बघा. प्रविणने आमचं मत ग्रुपवर टाकलं. मुलांना वाटलं, मताला नंबर द्यायची काही पद्धत असेल. मग ह्यांनी सांगितलं तसं मी उलगडून लिहिलं, की नंबर म्हणजे शब्द, रूळ मोकळा असल्याचा. तेव्हापासून जो तो स्वतःचं मत पाठवतो आहे आणि खाली नंबर घालतो आहे. एकशे नव्वद झाली. पास जड म्हणणारा आणि फुगा म्हणणारा, दोघांनीही पाठवलं. दोघं आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला आले असावेत.

आज प्रविण स्वतः आला, पापलेट घेऊन. उंच, लाजरा. यंत्रातल्या नोंदी काढून कंपनीला पाठवायच्या होत्या. आकडे बघता बघता हसायला लागला.

"काकू, एका सामन्यात गोलकीपरकडे मागे एकतीस पास? सगळा ग्रुप मिळून महिन्यात एवढे देत नाही."

"चूक आहे का?"

"चूकच. पुढे जायचं सोडून..." मग तो थांबला. ह्यांच्या हाताकडे बघितलं. "नाही काकू. द्या तुम्ही. मागेच द्या."

दुसरी एक नोंद बघून मात्र हसला नाही. ह्यांच्याकडे वळून विचारलं, "काका, खेळ थांबवायचं बटण सगळ्या वेळा दोन नंबरच्या कंट्रोलरवरून?"

"तहान लागते," हे म्हणाले.

"हो का," प्रविण म्हणाला, आणि उगाच माझ्याकडे बघून पाण्याचा पेला घेतला.

४ मार्च

सुषमा आली होती. ह्यांचा व्यायाम झाल्यावर तिने माझीच नाडी धरली. मी म्हटलं, पेशंट हे आहेत. म्हणाली, "काकांनी सांगितलंय, केबिनच्या दोन्ही स्टाफची तपासणी करायची." ह्यांची थट्टा ती. पण तिने नाडी बराच वेळ धरली, पायांवर बोट दाबून बघितलं, आणि "उद्याच डॉक्टरकडे जा काकू, मी फोन करून ठेवते" म्हणाली.

१२ मार्च

हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. बदलावी लागेल. मुंबईला, दोन एप्रिलला. डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतो? मी म्हटलं, मला कुठे लागतो, आमचा जिनाच उंच आहे. हे बाजूच्या खुर्चीवरून म्हणाले, "डिसेंबरपासून." इतकं स्पष्ट बोलले की डॉक्टरांनी मान वर केली.

ह्यांना तारखा बऱ्या लक्षात राहतात.

मला ऑपरेशनची भीती नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायचं तर दैनंदिनी कशाला. भीती आहे. त्याहून मोठी काळजी ही, की दहा जण कोण सांभाळणार.

१६ मार्च, रविवार

दक्षाला बसवलं. मानतच नव्हती. "मने नहीं आवडे, मला नाही जमणार," म्हणत कंट्रोलर उलटा धरला. दोन मिनिटांत तीन जणांना पाडलं, एक लाल कार्ड.

"रेफरी आंधळा आहे," दक्षा म्हणाली.

"मत कळवा कंपनीला," हे म्हणाले.

"कळवणार. आणि हा निळ्या शर्टवाला माझ्या अंगावर का येतो? त्याला लिहा, लांब रहा म्हणावं."

तिला एकच शिकवलं. काही सुचलं नाही की मागे, गोलकीपरकडे. तेवढं तिने धरलं. मी खाटेवर बसून दोघांचा खेळ बघितला. आजवर मी ह्यांच्या बाजूला बसून पडद्याकडे बघत होते. आज पहिल्यांदा ह्यांचा चेहरा बघितला, चेंडू येत असतानाचा. घोलवडला लांबून गाडीचा दिवा दिसल्यावर असाच व्हायचा.

२४ मार्च

कंपनीची यादी आली. आमची सोय काढली आहे. "मतांचा पुढील आवृत्तीत विचार करू," असं लिहिलं आहे. सामना तीन-तीन मिनिटांचा ठेवायची सोय मात्र राहिली.

मी रडले. ह्यांनी यादी परत वाचायला लावली. म्हणाले, "तीन मिनिटांचं राहिलं ना? मग काम झालं." ह्यांचा समजूतदारपणा मला कधी कधी कळत नाही.

संध्याकाळी प्रविण पाळी संपवून थेट आला. त्याचं म्हणणं सोपं. बदल इंटरनेटवरून येतो. वायर काढून ठेवली आणि जुनं आहे तेच ठेवलं, तर सोय कुठे जात नाही. फक्त बाहेरच्या कोणाशी खेळता येणार नाही.

"मग खेळणार कोणाशी?" मी विचारलं.

"आम्ही येतो की. बोईसरचे दोघं, मी, आणि तलासरीचा एक आहे. रविवारी पाळीपाळीने. ह्या कीपरला पेनल्टी मारायची सगळ्यांना हौस आहे, काकू. रांग लागलीय."

वायर ह्यांनी स्वतः ओढली. डाव्या हाताने.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

रोशन परवा येईल आणि मला घेऊन जाईल. हे इथेच राहतील, प्रवास झेपणार नाही. पुढचं पान रोशनने वाचावं आणि तसं करावं.

एक नंबरचा कंट्रोलर दक्षाकडे. तिने रोज साडेपाचला वर यावं. रविवारी प्रविण आणि मंडळी येतील, त्यांना पोहे. प्रविणच्या पोह्यांत शेंगदाणे नकोत. दोन नंबरचा कंट्रोलर ह्यांचाच, त्याच्या कापडासकट. तो कोणी, कितीही आग्रह केला तरी, घेऊ नये.

इंटरनेटची वायर रोशनने हैदराबादला घेऊन जावी. घरात राहिली तर कोणीतरी चांगुलपणाने जोडून देईल.

सुषमाने तलासरीत हाताचे आजार असलेल्या तिच्या पाच-सहा पेशंटसाठी असंच यंत्र जुळवायचं ठरवलं आहे. रोशनचा माळ्यावरचा जुना टीव्ही तिला द्यावा. गेमच्या जुन्या आवृत्तीची दुसरी डिस्क प्रविणने शोधली आहे, तीही तिलाच. कसं खेळायचं त्याची वही मी मोठ्या अक्षरांत लिहून टीव्हीवर ठेवली आहे.

ग्रुपची एकशे नव्वद मतं मी वहीत उतरवून काढली. ती प्रविणला. पुढच्या वर्षी कंपनी पुन्हा विचारील तेव्हा ती पुन्हा पाठवायची. माझं चेंडू नसलेल्यांविषयीचं मतही त्यात आहे.

ही दैनंदिनी ह्यांच्याजवळ. वाचली तर वाचू दे.

दक्षासाठी एक सूचना, विसरू नये. ह्यांना खेळताना फार तहान लागते. मधूनच थांबतात. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा.

आज गुढी उतरवल्यावर ह्यांनी कागद काढला. नंबरांचा जुना, रेल्वेतला, पिवळा पडलेला. खालच्या कोपऱ्यात दोन-चार आकडे न खोडलेले राहिले आहेत. त्यातला एक मला दिला. मी मोठ्याने परत म्हटला. "बरोबर," म्हणाले, पण खोडला नाही. परत आल्यावर दारात उभी राहून मी तो सांगायचा, मग खोडायचा.

नंबर इथे लिहीत नाही. तो ज्याला द्यायचा त्यालाच देतात.